गेममधली गोष्ट आणि चित्रपटातली गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एका गेमची गोष्ट संपवताना रडू आलं" असं मी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी शंका दिसते आणि मग प्रश्न सुरू होतात. चित्रपटवेडे एक विचारतात, गेम खेळणारे दुसरंच. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. उदाहरणं द्यायची म्हणजे शेवट सांगणं आलंच, त्यामुळे खाली बऱ्याच गेमची रहस्यं फुटली आहेत. एखादा गेम तुम्हाला पुढे खेळायचा असेल, तर त्याचं नाव दिसताच तो परिच्छेद गाळा.

गेमला गोष्ट लागतेच का?

नाही. 'टेट्रिस'ला गोष्ट नाही आणि त्याचं काही अडत नाही. 1962 साली एमआयटीतल्या काही तरुणांनी 'स्पेसवॉर' बनवला. त्यात दोन यानं एकमेकांवर मारा करतात, बस्स. गोष्ट नंतर आली. 1976 च्या 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर'मध्ये एकही चित्र नव्हतं. पडद्यावर गुहेचं वर्णन यायचं आणि खेळणाऱ्याने जा, घे, उघड असे एकदोन शब्द टाइप करायचे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. चित्रपट जन्मला तो हलत्या चित्रातून, गोष्ट सांगणारा गेम जन्मला तो आज्ञार्थी क्रियापदातून. आज दोघं एकाच पडद्यावर दिसतात म्हणून आपण त्यांना भावंडं समजतो, पण त्यांची कुळं वेगळी आहेत.

मग दोघांच्या गोष्ट सांगण्यात मूळ फरक कोणता?

गोष्ट दुसऱ्याला सांगताना लोक कसे बोलतात ते ऐका. चित्रपट पाहून आलेला माणूस म्हणतो, "मग तो कड्यावरून पडला." गेम खेळून उठलेला म्हणतो, "मग मी कड्यावरून पडलो." मराठीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं, कारण आपलं क्रियापद लिंग दाखवतं. 'शॅडो ऑफ द कोलॉसस'चा नायक वाँडर हा तरुण मुलगा आहे. पण त्या अवाढव्य प्राण्याच्या पाठीवरून त्याचा हात सुटला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते "अगं बाई, पडले!" पडला तो, पण क्रियापदाने पडद्यावरच्या मुलाकडे न बघता खुर्चीतल्या बाईकडे बघितलं.

माझ्या मते सगळी तुलना या एका जागेपासून सुरू करावी. चित्रपटगृहात आपण साक्षीदार असतो. साक्षीदाराला दया येते, धास्ती वाटते, हळहळ वाटते. स्वतः हात घालणाऱ्याच्या वाट्याला याशिवाय काही वेगळ्या भावना येतात: केल्याचा अभिमान, केल्याची लाज, "आपण हे करायला नको होतं" ही टोचणी. दुसऱ्याच्या खुनाबद्दल साक्षीदाराला अपराधी वाटत नाही. खेळणाऱ्याला वाटू शकतं.

2005 च्या त्याच गेममध्ये वाँडर एका मृत मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय प्राणी मारायला निघतो. पहिला कोसळतो तेव्हा जल्लोषाचं संगीत वाजत नाही. सूर उदास होतात आणि प्राण्याच्या देहातून निघालेले काळे धागे वाँडरच्या शरीरात घुसतात. पुढच्या काही प्राण्यांनी तर आपण छेडेपर्यंत काहीच वाकडं केलेलं नसतं. सोळाव्यापर्यंत पोचेतो मला पुरतं कळलं होतं की हे काम वाईट आहे, आणि तरी मी थांबले नाही. हीच गोष्ट चित्रपटात असती तर मी पडद्याकडे बघून म्हटलं असतं, "अरे, थांब ना." इथे कोणाला म्हणणार?

बटण दाबणं म्हणजे गोष्ट सांगणं कसं काय? ती तर निव्वळ यंत्रणा झाली.

चित्रपटात कॅमेरा कुठे ठेवला हीही यंत्रणाच असते, पण चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात ती बोलते. गेममध्ये ते काम बोटांकडे असतं.

2013 चा 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' घ्या. तो बनवणारे जोसेफ फारेस हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला दोन भाऊ निघतात. संवाद आहेत ते बनावट भाषेत, म्हणजे शब्द कळतच नाहीत. कंट्रोलरची, म्हणजे दोन्ही हातांत धरून गेम खेळायच्या साधनाची, डावी काडी आणि डावं बटण थोरल्या भावाचं, उजवी काडी आणि उजवं बटण धाकट्याचं. सुरुवातीला फार गोंधळ होतो, दोघं एकमेकांवर आपटतात. मग हळूहळू दोन्ही हातांना सवय होते. धाकट्याच्या डोळ्यांदेखत आई बुडाली आहे, त्यामुळे तो पाण्याला घाबरतो. नदी आली की थोरल्याच्या पाठीला धरून पार होतो. गेमच्या शेवटाकडे थोरला मरतो, आणि त्या क्षणापासून आपला डावा हात रिकामा पडतो. करायला काहीच उरत नाही. घरी परतताना पुन्हा पाणी आडवं येतं. धाकटा काठाशी थबकतो, उजवं बटण दाबून काही होत नाही. मग कधीतरी आपण डावं बटण दाबतो, गेलेल्या भावाचं, आणि मुलगा पोहायला लागतो.

या प्रसंगात एकही वाक्य नाही. हे दृश्य चित्रित करता येईल, उत्तम अभिनेता घेता येईल, पण डाव्या हाताला जे कळतं ते कॅमेऱ्याला दाखवता येणार नाही. वियोगाचं इतकं नेमकं वर्णन मी फार कमी ठिकाणी अनुभवलं आहे.

दुसरं उदाहरण 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (2017) मधल्या ल्युइसचं. तो मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या हाताने आपण एकेक मासा पात्याखाली सरकवायचा, परत दुसरा, परत तिसरा. त्याच वेळी ल्युइसच्या मनात एक काल्पनिक राज्य उभं राहतं आणि डाव्या हाताने आपण त्यात फिरू लागतो. आधी ते राज्य पडद्याच्या एका कोपऱ्यात असतं, मग वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं. उजवा हात मात्र मासे सरकवतच राहतो, न बघता. कंटाळवाण्या कामात मन कसं निघून जातं हे कादंबरीकार पानभर लिहून सांगेल. इथे ते आपल्याच मनाचं होतं, आणि त्यातला धोका उशिरा कळतो.

गेममधली निवड खोटीच असते ना? शेवट तर आधीच लिहिलेला असतो.

बऱ्याचदा हो, आणि त्याचं कारण साधा गुणाकार आहे. गोष्टीत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येकाचा परिणाम पुढे खरोखर वेगळा ठेवला, तर 1,024 वेगवेगळ्या वाटा होतात. एवढं लिहायचं, बोलून घ्यायचं, हलतं करायचं कोणी? म्हणून लेखक वाटा फोडतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतात. 2012 च्या 'द वॉकिंग डेड'मध्ये तुम्ही काही बोललात की कोपऱ्यात ओळ यायची: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. पुढे कथानक फारसं बदलायचं नाही. तरी ती ओळ मनाला लागायची, कारण एक लहान मुलगी आपल्याकडे बघून शिकते आहे ही जाणीव खरी होती.

निवडीचं मोल नेहमी परिणामातच शोधायचं, हे मला पटत नाही. 'पेपर्स, प्लीज' (2013) मध्ये तुम्ही सीमेवरच्या चौकीतले तपासनीस आहात. जितके लोक तपासाल तितका पगार. चुका झाल्या की आधी ताकीद आणि मग दंड, आणि घरी बायकोमुलांना अन्न, औषध, शेकोटी हवी. एक माणूस येतो, कागद बरोबर, त्याला तुम्ही सोडता. जाताना तो म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे परवाना नाही. शिक्का तुमच्या हातात आहे आणि रांग वाढते आहे. काय केलंत याने जगाचा इतिहास बदलत नाही. पण मी पहिल्यांदा खेळले तेव्हा तिला परत पाठवलं, आणि ते कशासाठी, तर थोड्याशा दंडाच्या भीतीने. त्या भीतीची मला अजून आठवण आहे.

निवडच नसणं हेसुद्धा कथन असतं. 'द लास्ट ऑफ अस' (2013) च्या शेवटी नायक जोएल ज्या खोलीत शिरतो, तिथल्या शल्यचिकित्सकाला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मी बराच वेळ काहीच न करता उभी राहिले होते. गेम वाट बघत राहिला.

कटसीन म्हणजे मधेमधे घातलेला चित्रपटच ना?

हो, आणि म्हणूनच तो जपून वापरावा. कटसीनमध्ये कंट्रोल काढून घेतला जातो आणि खेळणारा पुन्हा प्रेक्षक होतो. 'मेटल गिअर सॉलिड' (1998) सारख्या मालिकेने लांबलचक कटसीन अभिमानाने वापरले आणि ते पुष्कळांना आवडले. पण त्याच वर्षी आलेल्या 'हाफ-लाइफ'ने उलटं केलं. सुरुवातीला नायक कामावर जायला प्रयोगशाळेच्या छोट्या गाडीत बसतो, बाहेर प्रचंड संकुल सरकत राहतं, आणि तेवढ्या वेळातही तुम्ही डब्यात फिरू शकता, हव्या त्या खिडकीतून बघू शकता. कॅमेरा तुमच्याकडून घेतला जात नाही. मला दुसरी पद्धत जवळची वाटते.

कंट्रोल काढून घेण्याचा सर्वांत धारदार उपयोग 'बायोशॉक' (2007) मध्ये आहे. सागरतळाच्या शहरात रेडिओवरचा एक आवाज तुम्हाला नम्रपणे सूचना देत असतो आणि तुम्ही त्या पाळत जाता, कारण गेममध्ये सूचना पाळायच्याच असतात. मग उघड होतं की त्या नम्र शब्दांनी नायकाच्या मनावर ताबा घेतलेला होता. नेमक्या त्या दृश्यात तुमच्या हातातला कंट्रोल जातो आणि तुमचंच पात्र तुमच्या डोळ्यांसमोर खून करतं. आज्ञा पाळणारा खेळाडू आणि आज्ञा पाळणारा नायक यांच्यात काही फरक उरत नाही.

नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा कॅमेरा गेममध्ये चालतो, चित्रपटात का खटकतो?

1947 च्या 'लेडी इन द लेक'मध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांनी जवळजवळ पूर्ण चित्रपट नायकाच्या नजरेतून चित्रित केला. नायक स्वतः दिसतो तो मुख्यतः आरशात. कल्पना धाडसी होती, पण बघताना अवघडल्यासारखं होतं. डोळे आपले म्हणून सांगितले आहेत आणि मान वळवायची सोय नाही. दाराकडे बघावंसं वाटतं तेव्हा कॅमेरा टेबलाकडे जातो. गेममध्ये नजर तीच असली तरी वळवणारे आपण असतो, त्यामुळे तो अवघडलेपणा पहिल्या मिनिटातच जातो. चित्रपटात नायकाच्या जवळ जायला त्याच्या डोळ्यांपेक्षा त्याचा चेहरा जास्त उपयोगी पडतो.

गेममध्ये संकलन नसतं, मग अर्थ कसा तयार होतो?

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांचा प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासकांना पाठ असतो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपचा वाडगा, कधी शवपेटीतली मुलगी. बघणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला तर कधी दुःखी वाटतो. दोन चित्रं शेजारी आली की अर्थ प्रेक्षक लावतो.

गेममध्ये ही शेजारशेजारची मांडणी बऱ्याचदा जागेच्या रूपाने येते. रिकाम्या घरात तुम्ही शिरता. एका खोलीत अर्धवट बांधलेली ट्रंक, स्वयंपाकघरात दोन ताटं, त्यातलं एक न वापरलेलं. कोणी काही सांगत नाही. तुम्ही कुठली खोली आधी बघितली त्यावर तुमच्या मनात कोणती गोष्ट आधी तयार झाली हे ठरतं. 'गॉन होम' (2013) जवळजवळ पूर्णपणे असाच उभा आहे: मोठी बहीण परदेशातून परतते, घरी कोणी नाही, आणि चिठ्ठ्या, कॅसेटी, कपाटं उघडत जाताना धाकटीचं अख्खं एक वर्ष समोर येतं.

'हर स्टोरी' (2015) तर संकलनाची खोलीच तुमच्या ताब्यात देतो. एका स्त्रीच्या पोलीस चौकशीचे तुकडे साठवलेला जुना संगणक समोर आहे. शब्द टाइप करायचा, तो शब्द ज्या तुकड्यांत ती उच्चारते ते मिळतात, पण त्यातले पहिले पाचच. मग नवा शब्द सुचायला हवा. हे खऱ्या नटीला घेऊन कॅमेऱ्यावर चित्रित केलेलं आहे, म्हणजे साहित्य सगळं चित्रपटाचं. तरी तो चित्रपट नाही, कारण तुकड्यांचा क्रम तुमच्या कुतूहलाने लागतो. दोन जणांनी खेळला तर दोघांना सत्य वेगवेगळ्या क्षणी कळतं.

चित्रपट कोणत्या बाबतीत गेमपेक्षा सरस आहे?

बऱ्याच. गेमवर प्रेम असलं तरी हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पहिली गोष्ट चेहरा. मोठ्या पडद्यावर एक चांगली नटी दहा सेकंद गप्प बसून जे सांगते, त्याच्या जवळ जाणारे गेम अजून थोडे आहेत. अभिनेत्यांच्या हालचाली टिपून पात्रांवर चढवण्याचं तंत्र खूप सुधारलं आहे. पण खेळणारा त्याच वेळी खोलीत उड्या मारत असेल तर त्या चेहऱ्याकडे बघणार कोण?

दुसरी गोष्ट काळ. "सहा महिने गेले" हे चित्रपट एका कटमध्ये सांगतो आणि आपण निमूट मान्य करतो. गेममध्ये ज्याच्या पावलांनी आपण चालत होतो त्याचे सहा महिने आपल्याविना गेले, हे लगेच खटकतं. तो काय करत होता? मी कुठे होते?

तिसरी, आणि मला वाटतं सर्वांत खोल, ती प्रेक्षकाला जास्त ठाऊक असण्याची. दिग्दर्शक हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे: बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत, बोलत बसलेल्या दोघांना नाही, म्हणून साध्या गप्पाही जीव खातात. गेममध्ये तो बॉम्ब मला दाखवलात तर मी उठून दाराबाहेर जाईन. माझ्या पात्राला अडवून ठेवलंत तर मला चीड येईल. म्हणून गेमचा ताण दुसरीकडून येतो, बंदुकीत दोन गोळ्या उरल्या आहेत आणि जिन्यावर पावलं वाजताहेत, अशातून. तो ताण खरा असला तरी हिचकॉकचा नव्हे. आणि ज्या शोकांतिकांमध्ये नायक आपल्या डोळ्यांदेखत चुकीच्या दिशेने चालत जातो आणि आपण हतबल होऊन बघत राहतो, त्या मी चित्रपटगृहातच बघेन.

नायक शंभर वेळा मरतो आणि पुन्हा उठतो. मग मरणाला काय किंमत?

प्रश्न रास्त आहे. बहुतेक गेम यावर पांघरूण घालतात: ते मरण "झालंच नाही" असं दोन्ही बाजूंनी समजायचं. काही गेम मात्र त्यालाच गोष्टीत ओढतात. 'अंडरटेल' (2015) मध्ये सुरुवातीला भेटणाऱ्या मायाळू टोरिएलला तुम्ही मारलंत, वाईट वाटून जुना सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला खेळ, उघडलात आणि या खेपेला तिला सोडलंत, तर पुढे एक पात्र तुम्हाला तोंडावर सांगतं की तू आधी काय केलंस ते मला माहीत आहे. तो क्षण अंगावर येतो.

आणि कधी कधी मरण टिकतंही. 'फायनल फँटसी सेव्हन' (1997) मधली एरिथ मेल्यावर लोक का कोलमडले, हे फक्त ते दृश्य पाहून कळणार नाही. पन्नास लढायांत जिने आपल्या सोबत्यांना बरं केलं होतं, तिची जागा पुढच्या लढाईत रिकामी असते. तिथे दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागतं, आणि ते आपल्यालाच करावं लागतं.

"लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स" म्हणजे काय?

गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात, ही विसंगती. हा शब्द गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी 2007 मध्ये 'बायोशॉक'वर टीका करताना वापरला. त्यांचा आक्षेप असा: खेळात स्वार्थी वागायची मुभा आहे, पण गोष्टीत मात्र दुसऱ्याला मदत करण्यावाचून गत्यंतर ठेवलेलं नाही. 'अनचार्टेड' मालिकेचा हसरा, प्रेमळ नायक दोन विनोदांच्या मध्ये शेकडो माणसं मारतो, हे दुसरं नेहमीचं उदाहरण. चौथ्या 'अनचार्टेड'मध्ये (2016) हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या बक्षिसालाच निर्मात्यांनी 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' हे नाव दिलं.

या शब्दाचा अतिवापर होतो असं माझं मत आहे. तरी त्यामागचं निरीक्षण टिकणारं आहे. चित्रपटात नायक जे करतो तेच त्याचं चरित्र असतं. गेममध्ये चरित्र दोन ठिकाणी लिहिलं जातं, एकदा पटकथेत आणि एकदा कंट्रोलरवर, आणि लिहिणारे बऱ्याचदा वेगळे विभाग असतात.

गेमवरून काढलेले चित्रपट इतकी वर्षं का फसत होते?

1993 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'पासून पुष्कळ वर्षं हीच कथा होती. गेमचं कथानक उचललं जायचं, आणि कथानक हा अनेक गेमचा सर्वांत कच्चा भाग असतो. खरं बळ करण्यात होतं, आणि तेच पडद्यावर नेता येत नाही.

2023 ची 'द लास्ट ऑफ अस' ही टीव्ही मालिका याला वेगळं उत्तर देते. गेममध्ये बिल हा तिरसट माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला सापडतो तो आत्महत्या केलेला, मागे कडवट चिठ्ठी सोडून. खेळणारा जोएलच्या पावलांना बांधलेला आहे, त्याला याहून जास्त कळणं शक्य नाही. मालिकेच्या तिसऱ्या भागात जोएलला बाजूला ठेवून बिल आणि फ्रँक यांचा अनेक वर्षांचा संसार दाखवला, कोवळा आणि पूर्ण. गेम जिथे जाऊ शकत नव्हता तिथे कॅमेरा गेला. रूपांतर करणाऱ्यांनी मूळ माध्यमाची उणीव ओळखून स्वतःच्या माध्यमाची ताकद तिथे लावली, म्हणून तो भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

प्रेक्षकांनी शेवट ठरवायचा असा चित्रपट कोणी केला नाही का?

केला, आणि खूप आधी. 1967 च्या माँट्रियल एक्स्पोमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिंचेरा यांचा 'किनोऑटोमॅट' दाखवला गेला. प्रेक्षकांच्या खुर्चीला लाल आणि हिरवं बटण, मधेमधे चित्रपट थांबायचा, सूत्रधार मंचावर येऊन विचारायचा की नायकाने आता काय करावं, आणि बहुमत होईल तसं पुढे चालायचं. सुरुवातीलाच इमारत जळताना दाखवलेली असायची. प्रेक्षकांनी काहीही निवडलं तरी गोष्ट त्या आगीशीच पोचायची. 2018 मध्ये 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच'ने हाच धागा घरच्या पडद्यावर आणला.

दोन्ही प्रयोग मला आवडतात, पण त्यात निवड अधूनमधून येते. बटण दाबायचं आणि पुन्हा मागे टेकायचं. गेममध्ये दर सेकंदाला काहीतरी करत असल्यामुळे निवड चालण्यातच मिसळून जाते.

यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेला गेम पूर्ण पाहिला तर गोष्ट अनुभवली असं म्हणता येईल?

कथानक कळेल. 'ब्रदर्स'चा डावा हात कळणार नाही.

चित्रपट दोन तासांत संपतो. गेमला तीस-चाळीस तास कशाला लागतात?

थोडा दोष बाजाराचा आहे. तास मोजून माल विकला जातो आणि त्यापायी गोष्टीत पाणी घातलं जातं. याची मला मनापासून चीड आहे. 'जर्नी' (2012) दोन तासांच्या आसपास संपतो आणि त्यात एक क्षणही उणा नाही. वाळवंटात एक अनोळखी प्रवासी भेटतो, तो दुसरा खरा खेळाडू असतो, त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. बर्फात गारठताना दोघं एकमेकांना खेटून चालतात. सोबत कोण होतं ते नाव श्रेयनामावली संपल्यावर दिसतं.

पण काही गोष्टींना लांबी हवीच असते. चित्रपटाची पटकथा साधारण शंभर-सव्वाशे पानांची. 'डिस्को एलिसियम' (2019) मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, आणि त्यातले बरेच नायकाच्या डोक्यातले वेगवेगळे आवाज एकमेकांशी भांडताना बोलतात. एका खेपेत सगळे वाचून होतच नाहीत. मोडून पडलेल्या माणसाच्या मनात राहायला जायचं तर मुक्काम लांबणारच.

गेमला कला म्हणावं का?

चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 मध्ये ठामपणे नाही म्हटलं. काही महिन्यांनी त्यांनीच लिहिलं की गेम न खेळता हे मत मांडायला नको होतं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 14 गेम आपल्या संग्रहात घेतले. हा वाद मला आता फारसा खुणावत नाही.

मी चित्रपट बघते, गेम कधीच खेळलेले नाहीत. कुठून सुरुवात करू?

टाइप करता येत असेल तर 'हर स्टोरी'. हाताला कसलाही सराव लागत नाही. मग 'एडिथ फिंच', दोन-तीन तासांत एका बैठकीत होतो. कंट्रोलर हातात बसला की 'जर्नी'.

आणि त्यानंतर 'आऊटर वाइल्ड्स' (2019). त्यात बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता. कोणतं हत्यार मिळत नाही, कोणती ताकद वाढत नाही. दर फेरीतून बरोबर येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं काहीतरी. त्याबद्दल याहून जास्त मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही कुठे शोधून वाचू नका. शेजारी एक वही ठेवा.